चाळिशी आणि मोतीबिंदू

चाळिशी ओलांडली तेव्हा चाळिशी लागली. तिसगावच्या बाजारात तयार चष्मा मिळाला, सात-बारा वाचता यायला लागला, विषय संपला. साठीनंतर मात्र काच पुसून पुसून थकलो, तरी डोळ्यांपुढचा धूर हटेना. रात्री पाथर्डीहून येताना समोरच्या गाडीचा दिवा फुटून त्याचे दहा दिसायचे.

दोनदा नंबर वाढवून आणला. ऑपरेशन म्हटलं की आजी आठवायची. तिच्या वेळी डोळ्यातलं भिंग काढून टाकायचे, आत दुसरं बसवत नसत. आत भिंग बसवायची सुरुवात लंडनला १९४९ सालीच झाली होती, पण आमच्या आजीपर्यंत ती पोचली नाही. तिला मिळाला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. तो एकदा बैलाच्या पायाखाली गेला, तर नवा येईपर्यंत म्हातारी भिंती चाचपत फिरली.

एकदा कांद्यावर फवारणी होती. माप वाचून मी औषध ओतायला लागलो, तर बायको म्हणाली, "अहो, थांबा. पोराला वाचू द्या." पोरानं वाचलं. पंपाला १५ मिली होतं, मी ७५ धरलं होतं. पिकाची राखच झाली असती. दुसऱ्या दिवशी नगर गाठलं.

डॉक्टर म्हणाले, "चाळिशीत भिंग ताठर होतं, तिथं चष्मा चालतो. तुमचं भिंगच गढूळ झालंय. खिडकीची काच मळली तर बाहेरून दुसरी लावून काय उपयोग?"

मी म्हणालो, "पिकू द्या की, मग काढू."

"तो काय आंबा आहे? जास्त पिकला तर काढायला अवघड जातो."

भिंगं दोन प्रकारची सांगितली. साधं लांबचं दाखवतं, वाचायला चष्मा राहतोच. दुसरं लांबचं-जवळचं दोन्ही दाखवतं, पण महाग. मी साधं घेतलं. महिनाभर थेंब टाकले, धुळीत गेलो नाही. शेत पोरानं बघितलं. मला तेच जड गेलं.

आता उजव्या डोळ्यानं गर्भगिरीचा डोंगर निळा दिसतो, डाव्यानं अजून चहाच्या पाण्यासारखा. कांदा निघाला की डावाही करायचा. चाळिशी खिशात आहेच. औषधाचं माप मी स्वतः वाचतो, आणि मग पोराकडूनही वाचून घेतो. त्यात कसली आलीय लाज?