पडद्याचे माप

मोबाइलच्या पडद्याचा आकार नुसते पिक्सेल मोजून कळत नाही. अँड्रॉइडमध्ये इंचाला १६० ठिपके हा पाया धरून ‘डीपी’ हे एकक ठरते. ४८० घनतेचा, १०८० पिक्सेल रुंद पडदा ३६० डीपीचाच भरतो. कोल्हापुरात चप्पल घेणारा नंबर सांगतो, तरी पाय घालून पाहतोच. अ‍ॅपलाही आधी असेच पाऊल बघावे लागते. रुंदी ६०० डीपीखाली असेल तर मजकूर एका रकान्यात मावतो, ८४०च्या पुढे दोन रकाने शोभतात. मात्र पडदा दोन अ‍ॅपमध्ये विभागला, की वाट्याला अर्धीच खिडकी येते. म्हणून मोजायची ती खिडकी. २०२०च्या अँड्रॉइड ११पासून ‘विंडोमेट्रिक्स’ हेच माप देते. फोन आडवा केला, की ते पुन्हा घ्यायचे. मजकुराच्या चौकटीची उंची मात्र बांधून ठेवू नये. नाहीतर अक्षर मोठे करताच मराठीतले उकार आणि वेलांट्या कापल्या जातात.