आत्याचे नाव

बारशाच्या दिवशी मुलाच्या कानात त्याचे नाव सांगण्याचा मान आपल्याकडे आत्याचा असतो. बेंबळीच्या आमच्या घरात हा मान माझ्या आत्याने किती वेळा बजावला असेल, त्याची गणती करणे कठीण आहे. माझ्या कानात माझे नाव तिनेच प्रथम सांगितले, आणि माझ्या सर्व भावंडांच्या कानांतही तिनेच. साऱ्या घराला नावे देणाऱ्या ह्या बाईचे स्वतःचे नाव मात्र एकाही कागदावर धड उमटलेले नाही. गेल्या वर्षी एका कचेरीत प्रतिज्ञापत्रावर सही करताना ही गोष्ट माझ्या मनाला विलक्षण लागली. 'लक्ष्मीबाई ऊर्फ अनुसया ऊर्फ अनुभूती ही एकच व्यक्ती होय,' असे मी शपथेवर लिहून दिले होते. समोरच्या लेखनिकाने मान वर न करताच विचारले, "ह्यांतले खरे नाव कोणते?"

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर द्यावयाला मला थोडा वेळ लागला.

खरे नाव अनुभूती. आजोबांनी ते १९३० नंतरच्या काही वर्षांत ठेवले. तेव्हा आमचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आजीची दोन मुले लहानपणीच गेली होती. त्यानंतर तुळजापूरच्या भवानीला नवस बोलून ही मुलगी झाली. अशा मुलीचे नाव तुळजा ठेवावयाचे, हे आमच्या भागात ठरलेलेच. परंतु आजोबांना पोथ्या वाचण्याचा नाद होता, आणि वाचलेले मनात घोळवण्याचा त्याहून अधिक. ते म्हणाले म्हणे, "देवीचे नाव तर सारा मुलूख घेतो. जिने देवीला हाक मारली, तिचे नाव कोण घेतो?"

तुळजापूरच्या माहात्म्यातली ती कथा अशी आहे. कृतयुगात कर्दम ऋषी निवर्तले. त्यांची पत्नी अनुभूती सहगमनाला सिद्ध झाली. परंतु पदरी अल्पवयी मूल असल्यामुळे तिला तसे करू नये, असे सांगण्यात आले. मग मुलाला गुरुगृही ठेवून ती मंदाकिनीच्या तीरावर तपाला बसली. कुकुर नावाच्या दैत्याने तिच्या तपाचा भंग केला, तेव्हा तिने जगदंबेचा धावा केला. देवी त्वरित धावून आली, म्हणून ती त्वरिता. त्वरितेची तुरजा आणि तुरजेची तुळजा झाली, असे परंपरा सांगते. दैत्याला मारल्यावर भक्तांसाठी देवी बालाघाटातल्या यमुनाचलावर कायमची राहिली. त्या डोंगरावर आज लाखो माणसे जातात. देवीच्या नावात तिच्या धावण्याची आठवण आहे, पण जिच्यासाठी ती धावली तिचे नाव पोथीतच राहिले. सबंध धाराशिव जिल्ह्यात तुळजा नावाच्या बाया मी पुष्कळ पाहिल्या. अनुभूती नावाची बाई मला आमच्या घराबाहेर भेटली नाही.

पेशाने अध्यापक असल्यामुळे शब्द हाती आला की तो उलगडून पाहण्याची मला खोड आहे. 'अनु' म्हणजे मागोमाग, आणि 'भू' म्हणजे होणे. जे घडते त्याच्या मागोमाग आपणही तसे होणे, म्हणजे अनुभवणे. ह्या एकाच धातूपासून अनुभव हा पुल्लिंगी शब्द झाला आणि अनुभूती हा स्त्रीलिंगी. गती, मती, कीर्ती, प्रीती, स्मृती, श्रुती ही सारी अशाच 'ति' प्रत्ययाची लेकरे. म्हणून ती व्याकरणाने स्त्रीलिंगी आणि व्यवहाराने मुलींची नावे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ज्ञानाचे दोन भाग केले आहेत, एक स्मृती आणि दुसरा अनुभव. त्यांतल्या स्मृती माझ्या वर्गात दरसाल एकदोन असतात. तिच्या जोडीची अनुभूती मात्र शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'अपरोक्षानुभूति'सारख्या ग्रंथनामांत सापडते, हजेरीपटावर सहसा नाही. नाव जड आहे हे एक कारण असेलच. परंतु अनुभव म्हटला की त्यात सुखाबरोबर दुःखही आले, आणि आईबापांना मुलीच्या नावात दुःखाला जागा ठेवावीशी वाटत नाही, हेही कारण असावे.

आणखी एक गंमत पाहा. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कर्दमाच्या पत्नीचे नाव देवहूती असे आहे. कपिलमुनींची ती माता. देवहूती ह्या शब्दाचा अर्थच देवांना हाक मारणे. म्हणजे हाकेचे नाव भागवतातल्या बाईला मिळाले, आणि प्रत्यक्ष हाक मारली ती तुळजापूरच्या कथेतल्या बाईने. दोन परंपरांनी कर्दमाच्या घरातल्या बाईला दोन नावे दिली. मग आमच्या आत्याला तीन मिळाली, ह्यात नवल ते काय!

तिचे पहिले नाव गेले ते लग्नात. ताम्हणात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहिण्याची रीत आपण सर्वांनी पाहिली आहे. मोठमोठ्या घरांतही हेच होई. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना होत्या, आणि रमाबाई रानडे ह्याही माहेरच्या यमुनाच. इतिहासाने दोघींनाही सासरच्या नावाने ओळखले. आत्या लक्ष्मी झाली. तिच्या सासरी अनुभूती ह्या नावाची थट्टा होई. 'भूती' एवढाच तुकडा मोडून दीर हाक मारीत, असे तिनेच पुढे हसत सांगितले होते. लग्नानंतर काही वर्षांतच तिचे यजमान गेले, आणि एक लहान मुलगा घेऊन ती बेंबळीला परत आली. त्या दिवशी आजोबा ओसरीवर बसले होते. त्यांनी दुसरे काही न बोलता "ये, अनुभूती" एवढेच म्हटले. आत्या ही आठवण क्वचितच सांगे. सांगितली तर मधेच उठून स्वयंपाकघरात जाई.

पुढे तिने मुलाला शिक्षणासाठी सोलापूरला वसतिगृहात ठेवले, आणि स्वतः इथे ज्वारीच्या शेतात राबली. पोथीतल्या बाईची गोष्ट तिच्या आयुष्यात अशी उतरेल, हे नाव ठेवताना आजोबांच्या स्वप्नातही आले नसेल. नावाचा माणसाच्या दैवाशी काही संबंध असतो, असे मी मानीत नाही. माझे शिक्षण मला तसे मानू देत नाही. पण नाव माणसाला काहीच करीत नाही, असेही मला म्हणवत नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुसा' नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. 'तू आम्हांला नको होतीस' हे वाक्य ज्या मुलीला दिवसातून पन्नास वेळा हाक म्हणून ऐकावे लागते, तिला नावाने काही होत नाही असे कोण म्हणेल?

आत्याचे तिसरे नाव कागदाने दिले. आजोबांच्या मागे शेताच्या कागदावर वारस म्हणून तिचे नाव चढले, तेव्हा कुणा लेखनिकाने 'अनुभूती' ऐकून 'अनुसया' लिहिले. त्याचा तरी काय दोष? त्याने पहिले नाव जन्मात ऐकले नव्हते, आणि दुसरे घरोघर होते. हे नाव मुळात अनसूया, म्हणजे जिला असूया नाही ती. बोलण्यात तिची अनुसया झाली. भागवताप्रमाणे अनसूया ही कर्दमाची आणि देवहूतीची मुलगी. लेखनिकाने लेखणीच्या एका फटकाऱ्यात आईची लेक करून टाकली!

इथवर दोष दुसऱ्यांचा होता. ह्यापुढचा माझा आहे. आत्याच्या उतारवयात पैशांच्या एका कामासाठी तिचा अर्ज भरावयाचा होता. मी सुटीत गावी आलो होतो. "तुझे शिक्षण आहे, बाबा, तूच भर," असे म्हणून ती जवळ बसली. नावाच्या रकान्याशी माझी लेखणी थांबली. कागद जुळले पाहिजेत, नाहीतर खेटे घालावे लागतील, असा व्यवहारी विचार करून मी 'अनुसया' असे सुवाच्य अक्षरात लिहिले. आत्याला अक्षरओळख होती. तिने ते लावून लावून वाचले आणि म्हणाली, "असू दे. कागदाला जे ठाऊक आहे, तेच लिहावं." दोन दिवस खपून मी ते नाव दुरुस्त करून घेऊ शकलो असतो. वर्गात शब्दांच्या अर्थच्छटांवर तासन् तास बोलणाऱ्या माणसाला त्या दोन दिवसांची अडचण वाटली. काही वर्षांनी ती गेली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर अर्थातच अनुसया हेच नाव आहे.

२०२३ साली आमच्या जिल्ह्याचे नाव बदलले. मीर उस्मान अली खान ह्या निजामाच्या नावावरून पडलेले उस्मानाबाद जाऊन धाराशिव हे जुने नाव कागदोपत्री परत आले. गावोगावच्या पाट्या नव्याने रंगल्या. त्या पाहताना मला वाटे, सबंध जिल्ह्याचे नाव परत येऊ शकते, मग एका बाईचे का येऊ नये?

त्याच सुमारास आत्याच्या नातवाला मुलगी झाली. तो पुण्याला नोकरीला आहे. त्याने मला विचारले, "काका, असं एखादं नाव सांगा, जे दुसऱ्या कुणाचंच नसेल." मी म्हणालो, "दुसऱ्या कुणाचे नसलेले नाव मला ठाऊक नाही. पण तुझ्या आजीचे एक आहे." त्याला ते माहीतच नव्हते! त्याने आजीला कागदांवर अनुसया म्हणून पाहिले होते, आणि घरात नुसती आजी म्हणून. मी त्याला सारी हकीकत सांगितली. त्याच्या बायकोने ते नाव तीनचार वेळा स्वतःशी उच्चारून पाहिले आणि म्हटले, "जरा लांब आहे. पण हाक मारून पाहायला हरकत नाही."

बारसे बेंबळीच्या जुन्या घरातच झाले. मुलीच्या तरुण आत्याने तिच्या कानाशी वाकून नाव सांगितले. त्या बायकांच्या गर्दीत मला ते ऐकू आले नाही, आणि यावयाचे कारणही नव्हते. संध्याकाळपर्यंत घरातल्या पोरांनी तिची 'अनू' करून टाकली. मी कुणाला अडवले नाही. घरातल्या हाकेने मोडलेले नाव मोडत नसते; ते कागदावर मोडते, हे मला आता कळले आहे. म्हणून जन्माच्या दाखल्याचा अर्ज मात्र मी स्वतःकडे मागून घेतला, आणि 'भू' दीर्घ आहे ना, हे दोनदा पाहून मगच पुढे पाठवला.