‘शांत राहा’ म्हणणारी मी

मी गरोदर बायकांचा वर्ग घेते. श्वसन, झेपतील तेवढी आसनं, थोडं संगीत, आहाराच्या गप्पा, पोटातल्या बाळाशी बोलणं. आपल्याकडे याला गर्भसंस्कार म्हणतात. नागपुरात आमच्या घराच्या वरच्या हॉलमध्ये हा वर्ग बरीच वर्षं चालला आणि आजही चालतो. बदललंय ते मी तिथे काय बोलते, एवढंच. ते का बदललं हे लिहायला मी खूप टाळाटाळ केली. यात मी काही फार बरी दिसत नाही.

माझी समजूत अगदी सरळ होती. गरोदरपणातलं बीपी म्हणजे मनाचं दुखणं. सासूशी पटत नाही, ऑफिसात साहेब छळतो, रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल हातात. मग बीपी वाढणार नाही तर काय? जिचं मन शांत तिचं बीपी शांत, असं मी वर्गात म्हणायचे आणि बायका वहीत लिहून घ्यायच्या. पुरावा म्हणून माझ्याकडे माझं स्वतःचं बाळंतपण होतं. नऊ महिने काही त्रास नाही, कळा वेळेवर, मूल धडधाकट. ते सगळं मी माझ्या शिस्तीच्या खात्यावर जमा करून टाकलं होतं. नशिबाचा वाटा मी कधी धरलाच नाही.

या समजुतीला एक दुसरी बाजूही होती, ती मला दिसत नव्हती. शांत राहिल्याने बीपी वाढत नसेल, तर ज्या बाईचं वाढलं तिने काहीतरी कमी केलं, असाच त्याचा अर्थ. मी हे तोंडाने कधी बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती, समोरच्या बायका हिशेब करू शकत होत्या.

एक मुलगी सातव्या महिन्यात वर्गाला यायला लागली. पहिलंच बाळंतपण. वर्गातली सगळ्यात मन लावून करणारी मुलगी; वही नीटनेटकी, घरी सांगितलेलं सगळं करणारी. आठव्या महिन्याच्या सुरुवातीला डॉक्टरांनी तिचं बीपी १४४/९२ आहे म्हणून लॅबेटालॉलच्या गोळ्या सुरू केल्या. तिने मला विचारलं, “ताई, घेऊ ना?” मी म्हटलं, “घे, पण सवय लावून घेऊ नकोस. खरं औषध तुझ्या श्वासात आहे.” मी तिला गोळी बंद कर असं म्हटलं नव्हतं. हे वाक्य पुढे बरेच दिवस मी स्वतःलाच ऐकवत राहिले. पण ज्या मुलीने माझा शब्द प्रमाण मानलेला, तिला ‘पण’ लावून काय सांगितलं जातं, हे कळायला फार हुशारी लागत नाही. ती गोळी एक वेळ घ्यायची, एक वेळ सोडायची. जेवणातलं मीठही मीच तोडायला लावलं होतं आणि जास्तीत जास्त पडून राहायला सांगितलं होतं. चेहरा सुजल्यासारखा दिसला तेव्हा वर्गात सगळ्यांसमोर म्हटलं, बघा, आईपणाचं तेज.

एका रात्री तिचा फोन आला. डोकं जरा जड वाटतंय म्हणाली. मी सांगितलं, दिवे मालव, भ्रामरी कर, कोमट पाणी पी, सकाळपर्यंत बरं वाटेल. पहाटे छातीखाली, उजवीकडे दुखायला लागलं. घरच्यांना पित्त वाटलं. तिच्या नवऱ्याने कुणाचंही न ऐकता गाडी काढली, हे त्याचे उपकार. रुग्णालयात बीपी १७२/११४ निघालं, लघवीत प्रोटीन, रक्ताच्या तपासणीत लिव्हरवर परिणाम. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली आणि बीपी आटोक्यात आणून त्याच दिवशी सिझर केलं. चौतिसावा आठवडा. मुलगी पावणेदोन किलोची, एनआयसीयूत.

दोघी वाचल्या, हे आधीच सांगून टाकते. वाचकाला टांगून ठेवावं अशी ही गोष्ट नाही.

मी भेटायला गेले तेव्हा माझ्या मनात काय होतं ते खरं सांगायचं तर मी बचावाची तयारी करून गेले होते. फोनवर तू फक्त डोकं जड आहे म्हणालीस. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, हे डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं मी नंतर ऐकलं. ते तू मला सांगितलं असतंस तर मी लगेच दवाखान्यात पाठवलं असतं. हे वाक्य मी रिक्षात बसून जुळवलं होतं. सौम्य आवाजात म्हणणार होते, पण म्हणणार होते.

मी खुर्ची ओढून बसले आणि तीच आधी बोलली. “ताई, सॉरी. मी खूप प्रयत्न केला हो शांत राहायचा.”

मला वाटलं ती औषधाच्या गुंगीत आहे. तशी नव्हती. पुढचं तिने अगदी सावकाश, शुद्धीवर असलेल्या माणसासारखं सांगितलं. डोकं दोन दिवस दुखत होतं. काजवे दिसत होते. पण मी वर्गात सांगितलं होतं की आई कुरकुर करते तेव्हा ती कुरकुर बाळापर्यंत पोहोचते. म्हणून तिने तोंड मिटून घेतलं. फोन केला तेव्हाही लक्षणं छाटून, कमी करून सांगितली. मला तिचा कंटाळा येऊ नये म्हणून, आणि बाळाला ऐकू जाऊ नये म्हणून. मग विचारलं, “माझं नेमकं काय चुकलं असेल?”

रिक्षात जुळवलेलं वाक्य माझ्या घशात होतं. ते गिळताना मला कळलं की ज्या गोष्टीचा दोष मी तिला द्यायला आले होते, ती गोष्ट मीच तिला शिकवली होती. न बोलणं हा तिचा निष्काळजीपणा नव्हता, तो माझ्या वर्गातला गृहपाठ होता आणि तिने तो मनापासून केला होता. आळशी, उलट बोलणारी, वर्ग बुडवणारी एखादी मुलगी असती तर तिने पहिल्याच डोकेदुखीला आरडाओरडा केला असता आणि दोन दिवस आधी दवाखान्यात पोहोचली असती.

मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. “आराम कर” म्हणाले. पुन्हा तेच, ‘शांत राहा’चंच एक रूप. मला दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

तिचं काय चुकलं, हे मी मग शोधायला लागले. खोटं कशाला बोलू, तिच्यात किंवा तिच्या घरात काही सापडलं तर बरं, अशी आशा होती. सापडलं ते असं. गरोदरपणाच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात, म्हणजे बाळाला भरपूर रक्त मिळावं. काही बायकांत हे रुंदीकरण अर्धवट राहतं. रक्त कमी पडणारी वार मग आईच्या रक्तात अशी प्रथिनं सोडते की तिच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते. म्हणून बीपी चढतं, मूत्रपिंडातून प्रोटीन गळतं, लिव्हर दुखावतं, मेंदूवर ताण येतो. भारतीय वंशाचे डॉक्टर अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यातलं एक महत्त्वाचं प्रथिन दाखवून दिलं. या आजाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात आणि वार बाहेर आल्याशिवाय तो मुळातून जात नाही.

हे वाचून मी बोटं मोजली. ती माझ्याकडे सातव्या महिन्यात आली. आजाराचं मूळ त्याच्या कितीतरी आधी रुजलेलं होतं. तिने जगातली सगळी भ्रामरी केली असती तरी ते उखडलं नसतं. सासू एक शब्द उणा बोलली नसती, साहेबाने रजा दिली असती, तरीही.

मग एकेक करून माझं सगळंच दुकान कोसळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ म्हटलंय की हा आजार टाळण्यासाठी मीठ तोडण्याचा सल्ला देऊ नये आणि त्यासाठी झोपून राहायलाही सांगू नये. उपयोग कशाचा? ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी, त्यांना कॅल्शियमच्या गोळ्यांचा. ज्यांना धोका जास्त, त्यांना पहिल्या काही महिन्यांतच डॉक्टरांनी सुरू केलेल्या कमी मात्रेच्या ॲस्पिरिनचा. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेटचा. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या मॅगपाय चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला. आणि गोळ्यांचा. ज्या गोळ्यांची मी सवय लागेल म्हणत होते, त्यांचीच मोठी चाचणी मी राहते त्या गावात, नागपुरातल्या दोन सरकारी रुग्णालयांत झाली होती. खूप चढलेल्या बीपीच्या ८९४ बायका, तीन साध्या, स्वस्त, तोंडाने घ्यायच्या गोळ्या. २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निकाल आला: निफेडिपिन घेतलेल्यांपैकी ८४ टक्के, लॅबेटालॉल घेतलेल्यांपैकी ७७ आणि मिथाइलडोपा घेतलेल्यांपैकी ७६ टक्के बायकांचं बीपी सहा तासांत, काही अपाय न होता आटोक्यात आलं. इथल्याच बायकांनी जगाला दिलेलं हे ज्ञान माझ्या जिन्याची पायरी चढून आलं नव्हतं. मी येऊ दिलं नव्हतं.

शिस्तीचा गर्व मात्र शेवटपर्यंत चिकटून होता. तो सुटला तो टोरी बोवीची बातमी वाचून. ही अमेरिकेची धावपटू. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चार बाय शंभर मीटर रिलेचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या चमूतली. २०२३ मध्ये, सुमारे आठ महिन्यांची गरोदर असताना, ती घरात एकटी मरण पावली. शवचिकित्सेच्या अहवालात संभाव्य कारणांत एक्लॅम्प्सिया, म्हणजे याच आजारातले झटके, हे होतं. त्याच चमूतल्या ॲलिसन फेलिक्सचंही २०१८ मध्ये गंभीर प्री-एक्लॅम्प्सियामुळे बत्तिसाव्या आठवड्यात तातडीने सिझर करावं लागलं होतं. माझ्या हॉलमध्ये चटईवर बसून मी ज्या शरीराचे आणि शिस्तीचे गोडवे गायचे, ते याहून आणखी कुठलं असणार होतं?

वर्गाच्या प्रवेशाचा फॉर्म मी त्यानंतर काढून बघितला. आवडतं संगीत कोणतं, झोप किती, राग येतो का, घरात कोण कोण. बीपीचा प्रश्नच नव्हता. त्या मुलीच्या आईला तिच्या वेळी झटके आले होते, ही गोष्ट तिच्या माहेरी सगळ्यांना माहीत होती. आई किंवा बहिणीला हा आजार झाला असेल तर धोका वाढतो. तिने ते नक्की लिहिलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

आता फॉर्मवर पहिला प्रश्न तो आहे. हॉलमध्ये बीपीचं मशीन आहे. आल्या आल्या पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पट्टा हृदयाच्या उंचीला, मोजताना बोलायचं नाही. १४०/९० किंवा त्यावर दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, मला नाही. १६०/११० दिसलं तर फोनही नको, थेट रुग्णालय. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधुक, बरगड्यांखाली दुखणं, हातातोंडावर अचानक सूज, धाप: यांतलं काहीही झालं तर बीपी कितीही असो, जायचं. सूज नाही म्हणून बिनघोर राहायचं नाही. आणि बाळंतपण झालं म्हणजे सुटलो असंही नाही, पुढचे सहा आठवडे हीच लक्षणं तितक्याच गांभीर्याने घ्यायची. ज्यांना हा आजार होऊन गेला त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, तेव्हा वर्षातून एकदा तपासणी करायची.

हे सांगायला लागल्यापासून काही जणी वर्ग सोडून गेल्या. “तुमच्याकडे आलं की भीती वाटते,” असं एकीच्या आईने तोंडावर सांगितलं. मला वाईट वाटलं. पूर्वी बायका माझ्याकडून हलक्या होऊन जायच्या आणि मला ते आवडायचं. श्वसन मी अजून शिकवते. त्याने झोप लागते, बरं वाटतं, कळा सोसायला मदत होते. तेवढंच सांगते.

त्या मुलीचं बाळ आता दुडुदुडु धावतं. ती मला भेटते, बोलते. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला उशिरा का होईना दिलं: तुझं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. ती हसून “जाऊ द्या ना ताई” म्हणाली. मी मात्र जाऊ देणार नाही.

माफी मागण्यापेक्षाही एक गोष्ट मला जास्त अवघड जाते. बाळंतपण सुरळीत झालेल्या बायका पेढे घेऊन येतात आणि म्हणतात, “ताई, तुमच्यामुळे माझं बीपी शेवटपर्यंत नॉर्मल राहिलं.” ऐकायला अजूनही गोड लागतं. पण ते श्रेय मी घेतलं, तर जिचं बीपी वाढलं तिच्या पदरात दोष आपोआप पडतो. माझ्या आधीच्या सगळ्या वर्षांचा हिशेब याच चुकीवर उभा होता. म्हणून मी पेढा घेते आणि सांगते, “माझ्यामुळे नाही गं. तुझी वार बरी होती.” त्या जरा हिरमुसतात. हिरमुसू देत.