सर्व्हिस बुकात चेनची ओळ का नाही?

टायमिंग चेन ‘इंजिनाच्या आयुष्याइतकी टिकते’ असे गाडी घेताना सांगतात, ते मला आजही खटकते. चेन तुटली किंवा दात सोडून सरकली, की बहुतेक आधुनिक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि इंजिनही जाते. मग हे वाक्य खोटे ठरवायला मालकाला जागाच उरत नाही. रबरी बेल्टची मुदत सर्व्हिस बुकात किलोमीटर आणि वर्षांत छापलेली असते. चेनसाठी बहुधा एक ओळही नसते. ती ओळ हवी, आणि ती ‘बदला’ अशी नव्हे, ‘तपासा’ अशी हवी, एवढेच माझे म्हणणे आहे.

चेन लांबते म्हणजे लोखंड ताणले जाते असे नाही. सायकलच्या चेनसारख्याच तिच्या पिना आणि बुश झिजतात. प्रत्येक कडीत केसाएवढी जागा झाली तरी सगळ्या कड्यांची मिळून ती मोठी होते. कॅमशाफ्ट क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरायला हवा. चेन लांबली की तो मागे पडू लागतो. ही झीज किलोमीटरपेक्षा ऑइलवर जास्त अवलंबून असते. काजळीने भरलेले ऑइल पिना घासते, आणि टेन्शनरही बहुधा ऑइलच्या दाबावरच चेन ताणून धरतो. रांजणगावला बनलेले फियाटचे १.३ मल्टिजेट चेनवरच चालते आणि आपल्याकडच्या कितीतरी डिझेल गाड्यांत ते आहे. त्यातल्या ज्या गाड्या शहरात तासन्तास खोळंबत चालतात, त्यांच्या बाबतीत ऑइल केवळ किलोमीटर पाहून बदलणे मला धोक्याचे वाटते.

यावर फिटर मंडळींचा आक्षेप रास्त आहे: तपासायला पुढचे कव्हर उघडायचे, म्हणजे सील मोडायचे आणि नसलेली गळती लावून घ्यायची. पण तपासणीची सुरुवात कव्हरपासून होतच नाही. रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू करताना काही क्षण खडखडाट येतो का, ते ऐकावे. मग स्कॅनरवर क्रँक आणि कॅमचा मेळ पाहावा. पी००१६ हा कोड आला तरी लगेच चेनवर खापर फोडू नये. सेन्सर किंवा कॅमचा फेजरही कारण असू शकतो. बदललेल्या ऑइलमध्ये प्लास्टिकचे तुकडे दिसले, तर मात्र चेनचे गाईड झिजल्याचा दाट संशय घ्यावा आणि तेव्हा कव्हर उघडावे. मग नुसती चेन बदलून पैसे वाचवू नयेत. टेन्शनर, गाईड आणि स्प्रॉकेट सोबतच बदलावेत, कंपनी एकदाच वापरायला सांगते ते बोल्ट नवे घ्यावेत, आणि सेल्फ मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून मार्क पुन्हा जुळतात का ते पाहावे.

चेन बेल्टपेक्षा चांगली, असे मी नेहमी मानत आलो आहे. तरी मुदत उघड सांगणारा बेल्ट मालकाशी जास्त प्रामाणिक वागतो, हेही नाकारता येत नाही. फोक्सवॅगनने आपल्या लहान पेट्रोल इंजिनांच्या पुढच्या पिढीत चेन सोडून बेल्ट घेतला, तो उलटा प्रवास मला आता तितकासा चुकीचा वाटत नाही. आणि बीएमडब्ल्यूच्या एन४७ सारख्या डिझेलमध्ये चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिथे उघडून पाहायचे म्हणजे गिअरबॉक्स किंवा इंजिनच उतरवावे लागते. मालकाच्या हाती कान, स्कॅनर आणि वेळेवर बदललेले ऑइल एवढेच राहते.