गोठलेल्या दलच्या घाटावर

आपल्याकडची कुटुंबे काश्मीरला जातात ती बहुधा एप्रिल-मे महिन्यांत. आम्ही रत्नागिरीकडचे चौघे गेलो ते जानेवारीत, ऐन ‘चिल्लई कलान’मध्ये. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस, हे आपल्या घरांत कुणाला सांगायला नको. काश्मिरी हिवाळ्याचा हा सर्वांत कडक चिल्ला २१ डिसेंबरला बसतो. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. १४ जानेवारी २०२१ रोजी श्रीनगरचा पारा उणे ८.४ अंशांपर्यंत उतरला होता आणि दल सरोवर गोठले होते.

बुलेव्हार्ड रस्त्यावरून पाहणाऱ्याला गोठलेले दल म्हणजे फोटो काढण्याजोगा देखावा. पण सरोवराच्या आतही माणसांची वस्ती आहे. भाजीचे मळे आहेत, मशिदी आहेत, दुकाने आहेत. तिथल्या कित्येक घरांच्या दारातून रस्ता निघतच नाही, घाट निघतो. दूध, गॅसचा सिलिंडर, आजारी माणूस, सगळ्यांची ये-जा नावेतून. पाणी गोठले की या घरांचा रस्ताच बंद होतो.

आम्ही उतरलो होतो त्या हाउसबोटीच्या मालकांना सगळे चाचा म्हणत. फजरची नमाज झाली की फेरनच्या आत कांगडी धरून ते घाटावर येत. आधी नावेच्या छतावरचे बर्फ फावड्याने उतरवायचे. तेही एका बाजूचे सगळे एकदम नाही. थोडे इकडचे, थोडे तिकडचे, नाहीतर नाव कलंडते. बर्फाच्या भाराने इथे हाउसबोटीसुद्धा बुडाल्या आहेत, मग लहान शिकाऱ्याचे काय? नंतर तळात साचलेले पाणी डब्याने उपसायचे, कारण ते गोठले तर फळीवर पाय ठरत नाही. दोर रात्रभरात काठीसारखा ताठ झालेला असतो. त्याची गाठ ओढून सुटत नाही. चाचा तिच्यावर कोमट पाणी ओतत आणि हळूहळू सैल करत.

खरे काम त्यापुढचे. घाटाजवळचे पाणी उथळ आणि संथ, म्हणून तेच आधी गोठते. नाव तशीच पुढे रेटली तर बर्फाची कड देवदाराच्या फळ्यांना खरवडते. म्हणून एकाने नाकाडावर बसून वल्ह्याने बर्फ फोडायचे, तुकडे बाजूला सारायचे आणि मागच्याने नाव हातभर पुढे घ्यायची. एकदा वाट मोकळी झाली की दिवसभर नावा जात-येत राहिल्या पाहिजेत. पाणी हलते राहिले तर वाट लवकर मिटत नाही. म्हणून शेजारी आळीपाळीने फेऱ्या मारतात. ज्याला कुठे जायचे नाही, तोही एक फेरी मारून येतो.

आम्ही कोकणातले. होडी, वल्हे, दोर आम्हाला नवे नाहीत. पण आपल्याकडे पावसाळा आला की होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकून ठेवतात. दर्या शांत होईपर्यंत माणूस जमिनीवर थांबू शकतो. दलमधल्या हांजी लोकांना ती सोय नाही. त्यांचे घरच पाण्यात. नाव वर ओढून ठेवली तर दवाखान्यात जायचे कसे?

एका सकाळी काही पर्यटक घाटावर आले. बर्फ फोडत जाण्याची मजा त्यांना पाहिजे होती, दुप्पट भाडे द्यायला ते तयार होते. हिवाळ्यात गिऱ्हाईक क्वचित, तरी चाचांनी नकार दिला. “धूप आने दीजिए, ग्यारह बजे ले चलूँगा,” एवढेच म्हणाले. ते लोक थांबले नाहीत. चाचांच्या सुनेने आतून नून चाय आणली. संध्याकाळी तिला याच नावेतून तपासणीसाठी किनाऱ्यावर जायचे होते, दिवस भरत आले होते. भाड्यासाठी फळी फुटू देणे चाचांना परवडणारे नव्हते, हे आम्हाला तेव्हा कळले.

हिवाळ्यात दलला जाणाऱ्यांनी एवढे जरूर पाळावे. ऊन वर येईपर्यंत नाववाल्याला घाई करू नये. नावेत पाय मधोमध ठेवावा आणि लगेच खाली बसावे. लाइफ जॅकेट मागून घ्यावे. अंगावरचे जाड कपडे भिजले की पोहणाऱ्यालाही खाली ओढतात. गोठलेल्या पाण्यावर मुलांना मुळीच उतरू देऊ नये. वरून सारखे दिसणारे बर्फ जागोजागी पातळ असते. आणि अकराच्या उन्हात एक फेरी अवश्य घ्यावी, भाड्याची घासाघीस न करता. तुमच्या त्या फेरीने कुणाच्या तरी घराची वाटही मोकळी राहते.