जोडनावांचं ऋण

इटालियन जोडनाव मोठ्याने उच्चारून बघावं. जोव्हान्नी आणि बात्तिस्ता शेजारी आले की पहिल्याची काही अक्षरं गळतात, ‘न’ ओठांवर येऊन ‘म’ होतो आणि ‘जांबात्तिस्ता’ एका दमात बाहेर पडतं. पिएत्रो आखडून ‘पिएर’ होतो आणि पाओलोला जागा देतो. एका बाकावर दोघांनी बसायचं तर एकाने थोडं सरकावं, तसंच हे.

जांबात्तिस्ता म्हणजे बाप्तिस्मा देणारा संत योहान. त्याचा सण २४ जूनचा. १६६८ साली सणाच्या आदल्या दिवशी नेपल्समधल्या एका पुस्तकविक्रेत्याला मुलगा झाला, तो जांबात्तिस्ता व्हिको. इतिहास माणसाने घडवला आहे, म्हणूनच तो माणसाला कळू शकतो, हा त्याचा विचार आजही मनाला उभारी देतो. व्हेनिसच्या चित्रकार जांबात्तिस्ता तिएपोलोने राजवाड्यांच्या छतांवर आभाळ उघडलं. जांबात्तिस्ता बोदोनीने पार्मात छपाईचे असे देखणे टाइप घडवले की त्याचं आडनाव अक्षरांनाच मिळालं. संगीतकार जोव्हान्नी बात्तिस्ता पेर्गोलेसी १७३६ साली सव्विसाव्या वर्षी गेला. जाण्यापूर्वी मारियेचा पुत्रशोक ‘स्ताबात मातेर’मध्ये गाता करून गेला. नाव संताचं मिळालं, अर्थ प्रत्येकाने आपल्या कष्टाने भरला.

याच नावाचे मोंतिनी पुढे पोप पॉल सहावे झाले. डिसेंबर १९६४मध्ये ते मुंबईला आले; भारतात आलेले ते पहिले पोप. १९७२ साली व्हेनिसच्या सान मार्को चौकात त्यांनी आपल्या खांद्यावरचा धर्मपट्टा काढून सगळ्यांदेखत तिथले धर्मप्रमुख आल्बिनो लुचानी यांच्या खांद्यावर घातला. संकोचाने लुचानींचा चेहरा लाल झाला.

ऑगस्ट १९७८मध्ये लुचानी स्वतः पोप झाले, तेव्हा त्यांना तो चौक आठवला. पोप जॉन तेविसावे यांनी त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली होती, पॉल सहावे यांनी कार्डिनल केलं होतं. एकाचं नाव घेऊन दुसऱ्याला कसं विसरायचं? त्यांनी दोन्ही घेतली: जोव्हान्नी पाओलो, म्हणजे जॉन पॉल. पोपच्या परंपरेतलं हे पहिलं जोडनाव. कृतज्ञतेला इतकं साधं रूप मी क्वचितच पाहिलं आहे.

३३ दिवसांत लुचानी गेले. त्यांच्यामागून आलेल्या पोलंडच्या कारोल वोयतिला यांनी तेच नाव पुढे चालवलं. दोघांच्या ऋणात तिसऱ्याचं मिळालं, आणि महिनाभराचा तो पोप पुढची २६ वर्षं आपल्या वारसाच्या नावात नांदत राहिला.