एका बाजूची शांतता

तेरीज जुळली नाही म्हणजे अनुभवी मुनीम प्रथम कोणाला बोल लावीत नाही. तो फरकाचा आकडा न्याहाळतो. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, ४५० च्या जागी ५४० लिहिले गेले असावेत, असे तो अनुमान करतो. फरक एखाद्या रकमेच्या नेमका दुप्पट असेल, तर ती रक्कम जमेऐवजी नावे पडली असावी, असे तो ताडतो. संपूर्ण वही चाळण्याऐवजी शोधाचे क्षेत्र निम्म्याने, मग पुन्हा निम्म्याने कमी करीत जाणे, हीच ती जुनी विद्या. हीच विद्या हिंगोलीतील एका घरात वेगळ्याच ठिकाणी उपयोगी पडली.

मोंढ्यात हळदीची आडत अनेक वर्षे सांभाळून गादी मुलाच्या स्वाधीन केलेल्या एका गृहस्थांना तरुणपणापासून रेडिओदुरुस्तीचा छंद होता. निवृत्तीनंतर त्यांनी हेडफोनसाठी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर स्वहस्ते बांधला. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, अॅनोडकडे धावतात आणि मधली जाळी त्यांचा ओघ कमीअधिक करते. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये अशी जाळी बसविली आणि क्षीण ध्वनिसंकेत मोठा करण्याची वाट मोकळी झाली. आपल्या देशात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनेही रेडिओचे व्हॉल्व्ह बनविले. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर अवतरला आणि पुढे हळूहळू या नळ्या मागे पडल्या. तरी त्यांच्या स्वराची गोडी असणारे रसिक अद्याप आहेत.

काही महिने यंत्र उत्तम चालले. एके सायंकाळी मात्र डाव्या बाजूने आवाज येईना. उजवीकडे गाणे पूर्ववत, डावीकडे निःशब्द. नवा व्हॉल्व्ह मागवावा, असे घरातून सुचविण्यात आले. परंतु गृहस्थांनी त्याआधी एक बिनखर्ची गोष्ट केली: हेडफोन उलटा घातला, डावा भाग उजव्या कानावर आणि उजवा डाव्या कानावर.

ही पहिलीच तपासणी सर्वांत महत्त्वाची होती. एका बाजूच्या शांततेला दोन घरे असू शकतात, यंत्र आणि कान. हेडफोन उलटा करूनही शांतता डाव्याच कानात राहिली असती, तर तो दोष यंत्राचा नव्हता. एका कानाची श्रवणशक्ती अकस्मात जाणे, हा साठी उलटलेल्या माणसाने ‘वयोमानाने होते’ म्हणून सोडून देण्याचा विषय नव्हे. कधी कारण कानातील मळ एवढेच असते. पण आतील श्रवणमज्जेचा विकार असेल, तर पहिल्या काही दिवसांत सुरू झालेल्या उपचारांचाच लाभ अधिक संभवतो. अशा वेळी त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. येथे शांतता कान बदलून उजवीकडे गेली. पत्नीने सुटकेचा निःश्वास टाकला. “अहो, मग यंत्राचे काय ते निवांत पाहा,” असे म्हणून ती आत गेली.

पुढचा शोध क्रमाने झाला. येणाऱ्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल केली. शांतता डावीकडेच राहिली, म्हणजे गाणे पुरविणारे उपकरण व तारा निर्दोष. यंत्र बंद करून, नळ्या थंड झाल्यावर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह परस्परांच्या जागी बसविले. तरीही डावी बाजूच मुकी. दोष व्हॉल्व्हबरोबर हलला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह चांगला होता. नवा मागविला असता, तर पैसे गेले असते आणि दोष जागच्या जागी राहिला असता.

आता आतील व्होल्टेज मोजणे प्राप्त होते. अशा यंत्रात २०० व्होल्टच्या आसपास दाब खेळतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ साठून राहतो. म्हणून नातवाला दूर बसविले. प्लग काढून कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे केले, मीटरने खात्री केली आणि मगच मीटरची एक तार यंत्राच्या सांगाड्याला चिमट्याने जोडली. पुन्हा वीज दिल्यावर डावा हात पाठीमागे ठेवून फक्त उजव्या हाताने दुसरी तार टेकविली. दोन्ही हात आत असले, तर धक्का छातीतून जाण्याचा धोका असतो.

चांगली बाजू हीच येथे ताळ्याची वही ठरली. उजवीकडे अॅनोडवर १०० व्होल्ट, डावीकडे पूर्ण २००. व्हॉल्व्हमधून प्रवाह वाहिला, तर वाटेतील रेझिस्टरवर दाब खर्ची पडून अॅनोडवर कमी उरतो. डावीकडे काहीच खर्ची पडत नव्हते, म्हणजे प्रवाहच नव्हता. कॅथोडवर उजवीकडे ३ व्होल्ट, तर डावीकडे १२ च्या घरात. कॅथोडपासून जमिनीकडे जाणारी वाट तुटली असल्याची ही खूण. वीज बंद करून भिंगातून पाहता रेझिस्टरच्या टोकाचा सांधा निस्तेज व भेगाळलेला आढळला. दुरुस्तीवाले यालाच ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. रोजच्या तापण्या-निवण्याने तो सुटला होता. तो पुन्हा तापवून नवे सोल्डर दिले आणि डावी बाजू बोलू लागली.

शांततेतून शोध घेण्याची ही रीत मोठ्या विज्ञानातही आहे. हिंगोली जिल्ह्यातच, औंढा नागनाथ परिसरात, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या प्रकल्पास एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांना १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा संकेत स्पष्ट मिळाला. इटलीतील व्हर्गो मात्र जवळपास मूक होती. शास्त्रज्ञांनी तिला नादुरुस्त ठरविले नाही. ती चालू असून ऐकत नाही, तर उगम तिच्या अंधुक दिशेलाच असला पाहिजे, असे त्यांनी ताडले. त्यामुळे आकाशातील शोधाचा पट्टा आक्रसला आणि काही तासांतच दुर्बिणींना ती आकाशगंगा सापडली.

गृहस्थांच्या यंत्राच्या झाकणाआत आता एक कागद चिकटविलेला आहे. दोन्ही बाजूंचे व्होल्टेज त्यावर तारखेसह नातवाच्या अक्षरात लिहिले आहे. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी दोन्ही कानांची श्रवणचाचणीही करून घेतली व तो आलेख घरच्या फाइलमध्ये लावला. सारे सुरळीत असतानाचे आकडे लिहून ठेवले, तरच पुढे कधी फरक पडला तर तो किती व कोठे, हे सांगता येते. व्यापारी हे वहीच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. शरीराच्या बाबतीत मात्र ते राहून जाते.